अंगावर न घातलेलं नाणं

मंगळवारी सकाळी दात दाखवायला निघाले होते, तेव्हा प्रोमेनाडप्लाट्झवरच्या गायलिंगरच्या जुन्या नाण्यांच्या दुकानाच्या काचेतून माझ्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. आफ्रा चव्वेचाळीस साली गेली, सहा वर्षांची असताना. तिचा फोटो माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही, आणि इथे तिचा चेहरा ताटाएवढा होऊन म्युनिकच्या भर रस्त्यात टांगलेला होता. तेच बसकं नाक, तोच वरचा ओठ, नाक चोंदलेल्या मुलांचा असतो तसा किंचित उघडा. मी थांबले. मागून येणारी बाई माझ्यावर आदळली, सॉरी म्हणाली, मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. मी म्हटलं, फ्योन आहे ना आज. त्या दिवशी आल्प्सवरून तो गरम वारा खरंच उतरला होता, डोंगर शहराच्या पाठीशी येऊन उभे राहिल्यासारखे जवळ दिसत होते, आणि अशा दिवशी या शहरात कुणाच्या डोक्यात काय होईल ते कुणी विचारत नाही. बाई समाधानाने निघून गेली. मी काचेला नाक लावून त्या मोठ्या केलेल्या रुप्याच्या नाण्याच्या फोटोखालची ओळ वाचली. बव्हेरियाच्या राज्याचा थालर, अठराशे अठ्ठावीस. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला मध्ये राणी आणि भोवती तिची आठ मुलं. लिलाव शनिवारी. आणि त्याखाली तिरप्या अक्षरांत, ‘निर्दोष प्रत, कधीही अंगावर न घातलेली.’

ते वाचून मला हसू आलं आणि हसताना दात ठणकला. अंगावर न घातलेली म्हणे. त्या नाण्याच्या भोकातला मळ मी स्वतः सुईने काढला होता. बावीस वर्षांपूर्वी. कुणाच्या तरी चोळीचा, कुणाच्या तरी घामाचा, कपाटातल्या लव्हेंडरचा आणि चर्चमधल्या धुपाचा मिळून जो एक तपकिरी राप चढतो तो होता तो, आणि सुईच्या टोकावर तो बाहेर आला तेव्हा त्याला वास होता. मी तो बोटांवर चोळून हुंगला होता. आता त्या नाण्याला मेलं कुणाच्या अंगाला लागल्याचाही विटाळ नको होता.

माझं काम काय ते सांगायला हवं, कारण कुणाला ते माहीत नसतं आणि माहीत नसावं यासाठीच मला पैसे मिळतात. मी नाण्यांची भोकं बुजवते. आमच्याकडे डोंगरातल्या गावांत बायका सणावाराला चोळीच्या पुढच्या बांधणीवर रुप्याची साखळी आवळून घालतात आणि त्या साखळीला थालर लोंबतात, आईचे, आजीचे, लग्नात आलेले, बारशाला आलेले. त्यासाठी नाण्याला भोक पाडतात नाहीतर वर कडी जोडतात. मग केव्हातरी एखादी सून शहरात येते, साखळी विकते, आणि व्यापारी ती तोडून एकेक नाणं सुटं करतो. भोक असलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. त्यांना नाणं असं हवं असतं की जणू ते टाकसाळीतून निघालं आणि थेट त्यांच्या मखमलीवर येऊन पडलं, मधल्या दीडशे वर्षांत कुणी जगलंच नाही. तर ती मधली माणसं पुसून टाकायची, हे माझं काम. कडी तासायची, भोकात रुप्याची टिकली बसवायची, डाख लावून ती सांधायची, मग भिंगाखाली जी अक्षरं किंवा जे केस भोकाने खाल्ले असतील ते पुन्हा कोरायचे आणि शेवटी वरून जुनेपणाचा राखी रंग आणायचा. हे मी वडिलांकडून शिकले. ते बियरच्या मगांच्या कथली झाकणांवर नावं कोरायचे, कुत्र्यांच्या पट्ट्यांवर पत्ते कोरायचे, आणि युद्धानंतर दोन वर्षं फक्त थडग्यांच्या पाट्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा जड होता. हे मी त्यांच्यासमोर कधी बोलले नाही, पण त्यांना माहीत होतं.

गायलिंगरने पासष्ट साली मला मीसबाखकडच्या एका शेतघरातून आलेली अख्खी साखळी दिली होती, अकरा थालर. दहांचं काम सरळ होतं. अकरावा हा. मूळचं भोक लहान असणार, पण साखळीच्या ओढीने घासून घासून ते वाटाण्याएवढं झालं होतं, आणि ते नेमकं राणीच्या डोक्याच्या वर कोरलेल्या मुलीच्या चेहऱ्यातून गेलं होतं. राजाच्या बाजूला फारसं काही बिघडलं नव्हतं, कडेची दोन अक्षरं गेली होती. भोक पाडणाऱ्या बाईने नाणं राणीच्या बाजूने धरलं होतं हे उघड होतं. तिला राजाचं काय. तिला ती मुलाबाळांनी वेढलेली बाई हवी होती छातीवर, आणि भोक तर कुठेतरी पाडावंच लागणार, म्हणून वरच्या पोरीचा बळी गेला. मी त्या बाईचा फार विचार केला. तिला मुलं होत नव्हती म्हणून तिने ते घातलं असेल, की आठ झाली होती आणि त्यातली एक गेली होती आणि म्हणून तिने मुद्दाम तिथेच भोक पाडलं असेल. काहीच कळायला मार्ग नव्हता. घासलेल्या कडा तेवढ्या सांगत होत्या की तिने ते लग्नांत, जत्रांत, नाचांत, कदाचित मरेपर्यंत घातलं.

टिकली मी आईच्या मोडक्या चमच्यातून कापली, कारण गायलिंगरने दिलेलं रुपं जरा पांढरं होतं आणि जुन्या थालरशी जुळेना. डाख कथलाचा लावला. रुप्याचा पक्का डाख लावायचा तर नाणं लाल होईपर्यंत तापवावं लागतं आणि जुना रंग जळून जातो, म्हणून या कामात सगळे कथलच वापरतात. मग चेहरा. गायलिंगरने नमुन्यासाठी दुसऱ्या थालरचा फोटो आणून दिला होता, पण फोटो अंधूक, आणि त्या राजकन्येचा चेहरा म्हणजे एक हनुवटी आणि एक अंबाडा, बाकी काही नाही. मी कोरणी धरली. तीन संध्याकाळी काम चाललं. तिसऱ्या संध्याकाळी भिंगातून पाहते तर आफ्रा. मी ठरवून केलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. लहानपणी तिला सतत सर्दी असायची आणि तिचं नाक पुसायचं काम माझ्याकडे होतं. आई म्हणायची, बुर्गी, तिचं बघ. दिवसातून वीस वेळा मी ते नाक चिमटीत धरलेलं. बोटांना ते ठाऊक होतं आणि बोटांनीच ते बाहेर काढलं, मसुराच्या दाण्यापेक्षा थोड्याशा मोठ्या जागेत. मी भिंग बाजूला केलं, सिगारेट ओढली, पुन्हा भिंग लावलं. तीच होती. दुसऱ्या दिवशी मी नाणं नेऊन दिलं. ठरलेली मजुरी घेतली आणि घरी येताना पावभर लेबरकेझचं भाजलेलं मांस घेतलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की जे एकदा हाताने काढता आलं ते पुन्हा केव्हाही काढता येईल. पुढे मी कितीदा प्रयत्न केला. कथलावर, पितळेवर, मेणात. नाक जमतं, ओठ जमतो, चेहरा जमत नाही. कुणीतरी परकी, गोड मुलगी होते ती.

दातांच्या डॉक्टरकडे मी गेलेच नाही. गायलिंगरच्या दुकानाची घंटी वाजवून आत गेले. तो मागच्या खोलीत ब्रेझनचा खारा पाव खात होता, कोटावर मिठाचे खडे सांडलेले. मला पाहून उठला, खुर्ची दिली. वाईट माणूस नाही तो, हे मला सांगायला हवं. वडील गेले तेव्हा आणि त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने मला काम कमी पडू दिलं नाही. मी म्हटलं, बाहेर काचेत लावलंय ते माझं काम आहे. तो म्हणाला, माहीत आहे, ते नाणं मध्यंतरी तिघांच्या संग्रहांतून फिरून परत त्याच्याकडे आलं होतं आणि तिघांपैकी एकालाही काही दिसलं नव्हतं, आणि याहून मोठं सर्टिफिकेट बुर्गी आयख्नरला कोण देणार. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. मी म्हटलं, कॅटलॉगात लिहा की दुरुस्त केलंय. भोक बुजवलेलं. त्याने ब्रेझन खाली ठेवलं.

“बुर्गी, तुला बरं नाहीये का? ते लिहिलं तर त्या नाण्याला कोण विचारतोय?”

“खोटं लिहिलंय तुम्ही. कधीही अंगावर न घातलेली.”

“सगळेच लिहितात.”

“मग सगळ्यांना सांगेन.”

तो हसला, आणि त्या हसण्यात इतका आपलेपणा होता की मी घसरले. मी त्याला आफ्राचं सांगितलं. का सांगितलं देव जाणे. बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं. फ्योनमुळे असेल, दातामुळे असेल, ताटाएवढ्या चेहऱ्यामुळे असेल. म्हटलं, ती राजकन्या नाही, ती माझी धाकटी बहीण आहे, जगात तिचं दुसरं चित्र नाही. त्याने खुर्ची जवळ ओढली. त्याने माझा हातसुद्धा थोपटला. मग हळू आवाजात, एखाद्या डॉक्टरसारखं, म्हणाला की मग तर मी गप्पच बसायला हवं. नाणं निर्दोष म्हणून गेलं तर ते कुणाच्या तरी तिजोरीत मखमलीवर शंभर वर्षं जपलं जाईल, आणि त्याच्याबरोबर ती. बोभाटा केला तर पुढचा मालक ती टिकली उकरून काढेल, नाहीतर नाणं सरळ वितळवेल. विचार कर, म्हणाला. तो बरोबर बोलत होता. म्हणूनच मला त्याचा संताप आला.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार वारा पडला नाही. मी गिसिंगमधल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलले आणि खाल्ले नाहीत. गप्प बसायला काहीही लागत नव्हतं. मी आयुष्यभर तेच केलं होतं, गप्प बसण्यात माझा हात कोरणीपेक्षा चांगला चालतो. आणि तिजोरीची कल्पना मला गोड वाटायला लागली होती हे मी नाकारत नाही. सुकी, थंड, बॉम्ब पडला तरी शाबूत राहील अशी जागा, आणि तिथे आफ्रा, नाक न गळणारी, राजाची मुलगी म्हणून. आईला ते आवडलं असतं. पण मग त्याच्या पाठोपाठ ती यादी आठवायची. त्या एप्रिलमध्ये मला शाळेतल्या मुलींबरोबर खेड्यात पाठवलं होतं. आफ्रा लहान म्हणून आईजवळ राहिली, आणि बॉम्ब पडले त्या रात्री आई रात्रपाळीला होती आणि आफ्रा मावशीकडे. मी परत आले तेव्हा मावशीचं घर नव्हतं, त्याच्या जागी पलीकडची गल्ली दिसत होती. शाळेच्या भिंतीवर यादी लावली होती. त्यात मावशीचं नाव होतं. त्याखाली, ‘अनोळखी मुलगी, सहा ते सात वर्षे.’ वडील आघाडीवरून रजेवर आले तेव्हा यादीत तिचं नाव घालून घ्यायला गेले होते. तोवर ती यादी कुठे गेली कुणाला सांगता येईना, आणि समोरच्या माणसाने, जो स्वतः तीन दिवस झोपला नसावा, त्यांना सांगितलं की आता त्याने काय फरक पडणार. वडिलांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, खरंच आहे. मी अकरा वर्षांची होते, मी काही बोलले नाही. तिला दुसऱ्यांदा कुणीतरी भलतंच लिहून ठेवत होतं, आणि या वेळी ते करायला मी हातभार लावला होता, माझ्या उत्तम हाताने. बटाट्यांचं पाणी तीनदा आटलं. शुक्रवारी संध्याकाळी मला एवढंच कळलं की ती वितळली तरी चालेल, पण त्या नावाखाली राहिलेली मला चालणार नाही. हे कळल्यावर मी दोन अंडी तळून खाल्ली आणि झोपले, आणि दात दुखत असूनही झोप लागली.

लिलाव एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता, सकाळी दहाला. मागे टेबलावर कॉफी, साखरेची भांडी, केक. मी चर्चला घालते तो निळा कोट घालून गेले. माझ्या शेजारी ट्राउनश्टाइनचे एक निवृत्त शाळामास्तर बसले होते, कोर्बिनियान लोइबल, त्यांनी स्वतःच नाव सांगितलं. बोटं खडूने सुकलेली, मांडीवर कॅटलॉग, चारशे बारा नंबराभोवती शिसपेन्सिलीने गोल. त्यांच्याकडे या राजाचे सगळे थालर आहेत, फक्त हा राणी आणि मुलांचा नाही, असं त्यांनी मला दहा मिनिटांत दोनदा सांगितलं. बायकोने निक्षून सांगितलंय की आजच्या नंतर बास. मी त्यांना विचारलं, भोक असलेलं चालेल का. ते अगदी नम्रपणे म्हणाले, “बाई, मग मी चोळीच नाही का घालणार?” आणि स्वतःच्या विनोदावर लाजले. मला ते आवडले, आणि थोडी दयाही आली त्यांची.

गायलिंगर स्वतःच व्यासपीठावर होता. मला पाहिलं तेव्हा त्याने मान झुकवली. चारशे बाराची पाळी आली तशी खोलीत खुर्च्यांचा आवाज थांबला. त्याने नाणं मखमलीच्या तबकात उचलून दाखवलं आणि ते वाक्य म्हणायला सुरुवात केली, आणि ‘कधीही’ या शब्दावर मी उभी राहिले.  आवाज स्वच्छ आला, याचं मला अजून नवल वाटतं.

“ते वाजवून दाखवा,” मी म्हटलं.

काही लोक हसले. सभ्य लोक आता नाणं वाजवत नाहीत. ते बाजारातल्या बायकांचं काम, भाजीवाल्या आज्यांचं, दगडावर टाकून कान द्यायचा. हे लोक बघतात. भिंगाने, दिव्याखाली, हातमोजे घालून, तासन् तास बघतात, आणि माझं सगळं काम त्यांच्या या बघण्यासाठी केलेलं असतं. डोळ्याला मी फसवू शकते. कानाला नाही. कथल नाण्याचा आवाज गिळतं. बावीस वर्षं तीन संग्राहक त्या थालरकडे बघत बसले आणि एकालाही तो बोटावर तोलून नखाने वाजवावासा वाटला नाही, कारण तसं करणं गावंढळ.

गायलिंगरने सांगितलं की इथे असं करण्याची पद्धत नाही आणि बाईंना बसायची विनंती आहे. तोपर्यंत त्याच्या आवाजात फक्त साखर होती. पण लोइबलमास्तर उभे राहिले. ते शाळेतल्या सवयीने हात वर करून म्हणाले की वाजवायला काय हरकत आहे, नाणं आहे, ते वाजायचंच. मग मागून आणखी कुणी म्हणालं, वाजवा. आता न वाजवणं जास्त वाईट दिसलं असतं. त्याने हातमोजा काढला, थालर तर्जनीच्या टोकावर तोलला आणि पेनाने टिचकी मारली. इतकं भरीव, जाड, छान रुपं, आणि आवाज आला तो लाकडी चमचा पातेल्यावर आपटल्यासारखा. बद्द. अख्ख्या हॉलने ऐकला. मला वाईट वाटलं. खरंच, कामगार म्हणून वाईट वाटलं, ते माझं सर्वांत चांगलं काम होतं.

“भोक बुजवलेलं आहे,” मी म्हटलं. “मी बुजवलं. वालबुर्गा आयख्नर, गिसिंग. पासष्ट साली, याच साहेबांसाठी. हे नाणं एका बाईने आयुष्यभर छातीवर घातलंय.”

गडबड झाली. कुणी कॅटलॉग आपटला, कुणी म्हणालं की मग बाकीचे किती, आणि दोघेजण आपापली आधी घेतलेली नाणी खिशातून काढून तिथेच नखाने वाजवायला लागले, ते बघून मला हसू आवरेना. गायलिंगर पांढरा पडला होता, पण तो व्यापारी आहे, तीन पिढ्यांचा. त्याने हात वर केला आणि सगळे थांबेपर्यंत थांबला. मग माझ्याशी बोलला, लोकांदेखत, अहोजाहो करत.

“आयख्नरबाई, आवाजाचं म्हणाल तर टाकसाळीतल्या चिरेनेही बद्द येतो. तुम्ही म्हणता तिथे टिकली आहे. ठीक आहे. या इथे, सगळ्यांसमोर, काढून दाखवा. निघाली तर मी शब्द मागे घेतो. नाही निघाली तर तुम्ही माझं नाव खराब केलंत असं मी समजेन.” आणि मग, मी चालत व्यासपीठापाशी पोचले तशी, थोडं खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, जुन्या आवाजात, “नको करूस, बुर्गी. जाऊ दे. तुझी बहीण आहे ती.”

त्याला खात्री होती की मी करणार नाही. त्याला ती खात्री मीच मंगळवारी त्याच्या खुर्चीत बसून दिली होती. मी आणखी एक पाऊल पुढे झाले तेव्हा त्याने नाणं आपणहून पुढे केलं, इतका तो निश्चिंत होता. थालर माझ्या तळहातात आला. बावीस वर्षांनी. वजन तेच. भिंग नव्हतं आणि चष्मा दुसऱ्या कोटात राहिला होता, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसला नाही, फक्त अंगठ्याखाली एक बारीक उंचवटा लागला. मी त्याच्यावरून अंगठा फिरवला. नाक. मला वाटलं होतं की या क्षणी माझा हात मागे येईल. आला नाही. आईचं ‘खरंच आहे’ मला ऐकू आलं आणि मला असा राग आला की त्याने हात उलट स्थिर झाला.

मी कॉफीच्या टेबलावरून साखरेचा चिमटा मागितला आणि कुणाकडे लायटर आहे का विचारलं. पाच लायटर पुढे आले. लोइबलमास्तरांचा घेतला, तो जुना पेट्रोलचा होता, त्याची ज्योत जाड. त्यांनाच धरायला सांगितलं, नाणं मी चिमट्यात धरलं. रुपं उष्णता सगळीकडे पसरवतं, म्हणून वेळ लागतो. दीड मिनिट असेल. राणीच्या कपाळावर काजळी चढत गेली. मास्तरांचा अंगठा भाजत असणार, पण त्यांनी लायटर सोडला नाही. मग टिकलीच्या भोवती केसासारखी एक चकचकीत रेघ उमटली. कथल सुटलं होतं. मी कॉफीच्या चमच्याच्या दांड्याने मागून, राजाच्या बाजूने, दाबलं. ती पडली आणि बशीत दोनदा उडाली.

भोकातून पलीकडे गायलिंगरची टाय दिसत होती, हिरवी. त्या भोकाच्या कडा मला ओळखीच्या होत्या. त्या अजून गुळगुळीत होत्या, साखळीने जिथे ओढलं होतं तिथे थोड्या लांबट. मी नाणं तबकात ठेवलं, राणीची बाजू वर करून. सगळे पुढे वाकून बघत होते. बशीतल्या टिकलीकडे एकट्या लोइबलमास्तरांनी पाहिलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, डोकं न उचलता विचारलं, “ही कोण?”

“आफ्रा आयख्नर,” मी म्हटलं. “माझी बहीण. सहा वर्षांची होती. पंचवीस एप्रिल चव्वेचाळीस.”

मी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की मागच्या रांगेतही पोचलं असावं, कारण तिथल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. या वाक्याला मला त्रेचाळीस वर्षं लागली होती आणि म्हणायला ते अगदी छोटं निघालं. मास्तरांनी बशी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, हे रुपं माझ्या आईच्या चमच्याचं आहे, यावर कुणाचा हक्क असेल तर आत्ता सांगा.  टिकली अजून गरम होती. मी ती तशीच मुठीत घेतली, भाजलं तरी.

गायलिंगरने कपाळ पुसलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, आता तुम्ही गेलात तरी चालेल. आणि माझ्याकडचं काम संपलं, हे वेगळं सांगायला नको.”

“नको,” मी म्हटलं. “पण मी बसणार आहे.”

मी माझ्या खुर्चीवर परत आले आणि बसले. निळ्या कोटावर काजळीचे डाग पडले होते. गायलिंगर थोडा वेळ कागद चाळत राहिला, मी जाईन म्हणून. मी गेले नाही. शेवटी त्याने तबक उचललं, घसा साफ केला आणि ते वाक्य नव्याने म्हटलं. नंबर चारशे बारा. बव्हेरियाच्या राज्याचा थालर, अठराशे अठ्ठावीस, राणी आणि मुलं. भोक पाडलेला. अंगावर घातलेला. हॉलमध्ये कुणाचा हात वर गेला नाही. मग माझ्या शेजारी लोइबलमास्तरांनी भाजलेला अंगठा तोंडातून काढला आणि तोच वर केला.